कानापर्यंतचा हात

"सूज का उतरत नाही, बुवा?"

विश्रामने विचारलं खरं, पण उजवा हात शालीखालून काही बाहेर काढला नाही. वैशाखातल्या दुपारी अंगावर शाल घेतलेला माणूस नदीकाठच्या त्या मठात तो एकटाच होता.

सखाहरीबुवा पखवाजाची चामड्याची वादी ओढत बसले होते. पखवाज शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि विश्राम त्यांचा सगळ्यांत तयार शिष्य. हे विश्रामला कुणी सांगावं लागत नसे. तोच चार लोकांना सांगत असे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ऑपरेशन चांगलं झालंय, हाड जुळलंय म्हणाले. पण हात लोंबता ठेवू नका, छातीच्या वर धरा, मूठ वळा, उघडा. नाहीतर बोटं अशीच आखडून बसतील. मग वाजवणं विसरा."

"मग धरत का नाहीस?"

"लोक विचारतात."

"काय?"

"कसं झालं म्हणून."

"सांगतोस काय?"

"घाटावर पाय घसरला..."

बुवांनी वादी सोडली. "घाटावर पडलेला माणूस हात लपवत नाही रे."

विश्रामने शाल आणखी घट्ट ओढली.

मठाच्या उत्सवात मुख्य भजनाला बुवांनी पखवाजावर अनंताला बसवलं होतं. अनंता मागून आलेला, गाठीला निम्मी विद्या. विश्रामच्या अंगाचा तिळपापड झाला. आतल्या खोलीत त्याने अनंताच्या पखवाजावर मूठ हाणली, ती लाकडी खोडावर बसली. पखवाजाला काही झालं नाही, मोडलं ते ह्याचंच हाड. दवाखान्यात नेलं अनंताने, आणि "घाटावर पडला" असं डॉक्टरांना सांगितलं तेही अनंतानेच. तो उपकार विश्रामला सुजेहून जास्त ठणकत होता.

"परवा पाहुण्यांनी तुला विचारलं, कुणाकडं शिकलात," बुवा म्हणाले. "तू म्हणालास, असंच, इकडंतिकडं."

विश्राम मेल्याहून मेल्यासारखा झाला. ते बुवांच्या कानावर जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

गुरूचं नाव घ्यायचं तर उजव्या हाताने कानाची पाळी धरून घ्यायचं, ही त्या मठातली रीत. पाळी धरायला हात शालीबाहेर काढावा लागला असता. हात झाकण्यासाठी त्याने गुरूच झाकला होता.

"आता मी विचारतो. कुणाकडं शिकलास?"

डावा हात कानाकडे निघाला.

"तो नव्हे."

विश्रामने उजवा हात उचलला. शाल गळून पडली. हात टम्म फुगला होता, कातडी चकाकत होती. कसाबसा तो कानाशी गेला, पण बोटं पाळीवर मिटेनात.

"सखा..." त्याने पुन्हा पाळी धरू पाहिली.

"मिटव. उघड. परत मिटव. घाई नाही."

तेवढ्यात पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला कणकेचा गोळा घेऊन अनंता आला. विश्रामला तसा बघून दारातच थबकला. विश्रामचा हात झटकन खाली येऊ लागला.

बुवा नुसते बघत राहिले.

हात अर्ध्यावर थांबला. मग पुन्हा वर गेला. शरमेने कान तापले होते आणि ती धग त्याच्याच बोटांना लागत होती.

"अनंता... मी घाटावर पडलो नव्हतो."

अनंताने गोळा खाली ठेवला. "ठाऊक आहे की. मी तिथंच होतो."

"बुवांना सांग."

"तू सांग."

विश्रामने सांगितलं. मूठ, खोड, खोटं, सगळं. सांगताना बोटं उघडत होती, मिटत होती. गालावर आलेलं पाणी पुसायला डावा हात मोकळा होता, पण ते त्याला सुचलं नाही. खांद्यातून कळ निघाली.

"बुवा, आता पेलवत नाही. खाली घेऊ?"

बुवांनी वादी पुन्हा हातात घेतली.

"अनंता, त्याच्या कोपराखाली हात दे. सूज मोठी आहे, एकट्याच्यानं उतरायची नाही."