शेकरूताईचा एकच प्रश्न

बाळांनो, शेकरूला एक घरटे पुरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? एकाच रानात ते तीन-चार घरटी बांधते, राहते एकात आणि बाकीची नुसती राखून ठेवते. या हौसेला काय म्हणावे, मला कळत नाही. पण डोंगरातल्या एका दाट रानात, हिरड्याच्या झाडावर राहणाऱ्या शेकरूताईने या हौसेचा उपयोग करून घ्यायचे ठरवले. तिची दोन पिल्ले लहान होती, त्यांना अजून उडी मारता येत नव्हती. ती फळे आणायला गेली की वर गरुड घिरट्या घालू लागे आणि तिचा जीव टांगणीला लागे. म्हणून पिल्लांच्या घरट्याच्या अगदी खालचे रिकामे घरटे तिने भाड्याने द्यायला काढले. भाडे एकच : गरुड दिसला की मोठ्याने ओरडायचे, म्हणजे पिल्ले आत दडतील.

आता अडचण अशी होती की, त्या रानाला एक वाईट सवय लागली होती. पायवाटेवर माणसांनी टाकलेली विडीची थोटके वेचायची, रानाच्या कडेला धुमसणाऱ्या कोळशाच्या भट्टीवर ती पेटवायची आणि फुंकत बसायचे! शेकरूची घरटी म्हणजे वाळक्या काटक्या नि वाळकी पाने. एक ठिणगी पडली की संपले. तेव्हा विडी ओढणारा भाडेकरू ठेवायचाच नाही, असे शेकरूताईने ठरवले. यात तिचे काही चुकले, असे मी तरी म्हणणार नाही.

पहिल्यांदा आले एक म्हातारे माकड. शेकरूताईने विचारले, "विडी ओढता का?"

माकड म्हणाले, "ओढतो. खोटं कशाला सांगू? दुपारी ओढ्यातल्या खडकावर जाऊन बसतो, ओढून झाली की थोटूक पाण्यात बुडवतो. घरात कधी ओढली नाही."

"ओढता ना? मग झालं तर! जागा मिळायची नाही," शेकरूताई म्हणाली. माकड डोके खाजवत उतरले आणि वाटेत भेटेल त्याला घडलेली गोष्ट सांगत गेले.

झाले! शेकरूताईला कोणते उत्तर हवे आहे, ते रानभर पसरले. त्यानंतर जो येई तो विचारायच्या आधीच म्हणे, "विडी? छे, छे! नावसुद्धा काढू नका." खोकत खोकत आलेला मोर तेच म्हणाला. मिशा पिवळ्या पडलेला ससा तेच म्हणाला, आणि ससा झाडावर राहणार कसा, हे त्याला विचारायचे राहूनच गेले. शेकरूताई बुचकळ्यात पडली. कोणीच ओढत नाही, तर मग भट्टीपाशी रोज गर्दी कोणाची असते?

तिने मग तोंडाचा वास घ्यायला सुरुवात केली. पण सगळे दालचिनीची पाने चघळून येऊ लागले. वासावरून काही कळेना, तेव्हा ती डोळे पाहू लागली. तेवढ्यात आला भारद्वाज. त्याचे डोळे लालभडक.

"डोळे कशाने लाल झाले?" तिने दरडावून विचारले.

"जन्माचेच आहेत हो, ताई. आमच्या साऱ्या खानदानाचे असेच असतात."

"म्हणजे सारं खानदानच ओढतं वाटतं!" असे म्हणून तिने त्यालाही घालवून दिले. बिचाऱ्याने आयुष्यात विडीला चोच लावली नव्हती. तो ओढ्याच्या पाण्यात आपलेच डोळे निरखत बसला आणि तोही गोंधळून गेला.

शेवटी आली एक खार. "शेकरूताई, मी कोणी परकी आहे का? तुमच्यासारखंच शेपूट, तुमच्यासारख्याच मिशा. धाकटी बहीण समजा. आणि आपल्यात विडी कोण ओढतं?"

शेकरूताईच्या जिवाला बरे वाटले. आपल्यातलीच आहे म्हटल्यावर विचारायचे काय? तिने ना डोळे पाहिले, ना वास घेतला. खार त्याच दिवशी राहायला आली.

खार वाईट होती का? नाही. गरुड दिसला की ती झाड दणाणून सोडी. पिल्ले तिला मावशी म्हणू लागली. फक्त अधूनमधून धुराचा वास येई, तेव्हा शेकरूताई चक्रावून जाई. भट्टी तर लांब, वारा उलटा, मग वास कुठला? ती पिल्लांची तोंडेसुद्धा हुंगून पाही! खारीला मात्र विचारायचे तिच्या मनातही येत नसे.

एका भर दुपारी ती जांभळे घेऊन परतली, तर खालच्या घरट्यातून धूर निघत होता आणि वर पिल्ले किंचाळत होती. जांभळे टाकून ती धुरात शिरली. एका पिल्लाला तोंडात धरून तिने शेजारच्या झाडावर झेप घेतली, पुन्हा मागे आली, दुसऱ्याला उचलले. त्या पिल्लाचे शेपूट भाजले होते. तिची पाठ वळली आणि दोन्ही घरटी भडकून खाली कोसळली.

खार खाली उभी होती. पुढ्यात गोगलगायीचा रिकामा शंख पडला होता. त्यात निखारा लपवून ती रोज घरट्यात नेत असे. आज ओढता ओढता तिचा डोळा लागला होता.

"अगं, वाळक्या पानांचं घरटं हे! ओढायचीच होती, तर ओढ्यावर जायचंस! आत का ओढलीस?" शेकरूताई रडत ओरडली.

खारही रडू लागली. "बाहेर ओढली असती तर तुम्ही पाहिलं असतं, आणि माझी जागा गेली असती. पहिल्या दिवशी 'हो' म्हटलं असतं, तर तुम्ही मला ठेवलं असतं का, ताई?"

शेकरूताईने उत्तर द्यायला तोंड उघडले. पण तिला एकदम खडकावर बसणारे, खरे सांगणारे ते माकड आठवले. ती पिल्लाचे भाजलेले शेपूट चाटू लागली.

तात्पर्य : ज्याला 'नाही' एवढेच उत्तर चालते, त्याला सगळेच 'नाही' म्हणतात, आणि मग बाहेर निघून जाणारा धूर घरातच लपवला जातो.