चिंचेत बुडवलेला चाकू

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर असतो, तर आज माझं वय दीडशेच्या पुढे गेलं असतं. तेव्हा हजर नव्हतो असं समजा. पण ज्याने मला ती सांगितली तो कधीच खोटं बोलत नसे, फक्त गुरुवारी बोलायचा. त्या दिवशी कोणता वार होता, ते मात्र आता आठवत नाही.

तर, एका गावात एक कलमवाला राहत होता. कलमवाला म्हणजे चांगल्या आंब्याची कोवळी काडी कापून ती दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसवणारा माणूस. काडीला आणि खुंटाला तिरपा काप द्यायचा, काप ओले असतानाच एकमेकांना चिकटवायचे आणि वरून केळीचं सोपट घट्ट गुंडाळायचं. महिन्याभरात पालवी फुटली की कलम लागलं. याचा हात असा होता की लोक म्हणत, हा काठीला काठी बांधेल तरी दोन्हींना मोहर येईल.

त्याच्या खिशात एक घडीचा चाकू असे. लोहाराने दिला तेव्हा तो चारचौघांसारखाच होता. एकदा कलमवाल्याने पातं राखेने घासलं, तर ते चमकलं. मग त्याने विटेच्या पुडीने घासलं, मग रांगोळीने, आणि शेवटी बायकोच्या रेशमी खणाने.

"अहो, तो माझ्या लग्नातला खण आहे," बायको म्हणाली.

"म्हणूनच इतका मऊ आहे," तो म्हणाला आणि घासत राहिला.

दोन वर्षांत पात्याला अशी झिलई आली, की त्यात मिशीचा एकेक केस मोजता येऊ लागला. नवरदेव मुंडावळ्या नीट करायला त्याच्याकडे येऊ लागले. एक चिमणी रोज सकाळी येऊन पिसं सारखी करून जायची. गावच्या न्हाव्याने रागाने आपला आरसा पेटीत टाकला.

एवढा सुंदर चाकू, पण त्याने कापायचं कसं? आंब्याचा चीक लागला की डाग पडणार. म्हणून कलमवाला जुन्या विळीच्या तुकड्याने काम उरकू लागला. कलमं लागायची थोडी, वाळायची फार. पण लोकांना फुकटात तोंड बघायला मिळत होतं, त्यामुळे कोणी बोलत नसे.

त्या गावाच्या मधोमध एक आंब्याचं झाड होतं. त्याला सगळे 'हसरा' म्हणत. गावात नवी सून आली की तिला हसऱ्याखाली बसवून त्याचा एक आंबा खायला द्यायचा, अशी रीत होती. सून कितीही लाजरी असो, रस कोपरापर्यंत ओघळला की तिला हसू फुटायचंच. एकदा हसली की ती गावाची झाली.

त्या वर्षी हसरा आतून वाळत गेला. एकच फांदी हिरवी राहिली आणि तिच्यावर कलमाजोग्या तीनच काड्या. गावात सर्वांत वडील होत्या त्या काकींनी कलमवाल्याला बोलावणं पाठवलं.

"तीन काड्या आहेत," काकी म्हणाल्या. "तुझ्या त्या विळीच्या तुकड्याने नको. चांगला चाकू काढ."

कलमवाल्याने नाइलाजाने चाकू उघडला आणि पहिली काडी कापली. पात्यावर चिकाचा थेंब आला. डाग पडेल म्हणून त्याने आधी तो पुसला. मग नीट पुसला गेला का ते पाहिलं. पाहतच होता, तर मिशीलाही थोडा पीळ दिला. तेवढ्यात काडीचा काप सुकला. सुकलेलं कलम कुठलं लागायला? दहा दिवसांत ते काळं पडलं.

दुसऱ्या वेळी त्याने घाई केली. पण श्रावणातलं ऊन नेमकं पात्यावर पडलं आणि अशी तिरीप उठली, की त्याचे डोळेच मिटले. ती चमक बघून कौलावरचं एक माकड खाली आलं. पात्यात त्याला दुसरं माकड दिसलं. त्याने त्या माकडाला वाकुल्या दाखवल्या, त्यानेही दाखवल्या. मग रागावून त्याने कलमवाल्याच्या हातातली काडी हिसकावली आणि ते पळालं.

"काकी, माकडाने नेली," कलमवाला म्हणाला.

"माकड इथे कशाला आलं होतं?"

"पात्यात बघायला."

"म्हणजे तुम्ही दोघं एकाच कामाला आला होता," काकी म्हणाल्या.

आता एकच काडी उरली. काकींनी झाडाखालीच बैठक मारली. समोर वाडगाभर चिंचेचा दाट कोळ ठेवला.

"तांब्याला चिंच लावली की ते उजळतं," त्या म्हणाल्या, "आणि लोखंडाला लावली की त्याची मिजास उतरते. पातं बुडव यात. मग काडीला हात लाव."

कलमवाल्याचा चेहरा पडला. "दोन वर्षं घासलंय, काकी. दुसरं काहीही सांगा."

"माझी विळी बघितलीस? साठ वर्षं आंबट चिरून काळी झालीय."

"तिच्यात कोण तोंड बघणार?"

"कोणी नाही. म्हणून तर आमच्याकडे जेवण वेळेवर होतं."

जमलेली माणसं हसली. कलमवाला हसला नाही. "आणि नाही बुडवलं तर?" त्याने विचारलं.

"नको बुडवू. काडी झाडावर वाळेल. नव्या सुना आल्या की त्यांना तुझा चाकू चाटायला देऊ."

आता शेवटचं बघून घ्यावं म्हणून त्याने पातं तोंडासमोर धरलं. मिशी दिसली. आणि मिशीच्या मागे झाड दिसलं. सबंध वाळलेलं, टोकाला एक हिरवी फांदी. ते तिथे पहिल्यापासून होतं. आजवर त्याची नजरच मिशीच्या पलीकडे गेली नव्हती.

त्याने डोळे मिटले आणि पातं कोळात बुडवलं.

दोन घटकांनी बाहेर काढलं तेव्हा ते राखाडी झालं होतं, मध्ये थोडी निळसर झाक. त्याने ते धुतलं, कोरडं केलं आणि काडीवर टेकवलं. ना तिरीप, ना चमक. चीक पडला, पण सगळं पातंच डागाळलेलं, तिथे नवा डाग कोण शोधतो? बघायला काडीशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून तो काडीकडेच बघत राहिला. एक काप काडीला, एक खुंटाला, वर सोपट. काकींची सुपारी कातरून व्हायच्या आत काम झालंसुद्धा.

महिन्याभराने तांबूस पालवी फुटली. गावाने ढोल काढले. न्हाव्याने आरसा पुसून पुन्हा भिंतीला लावला आणि कलमवाल्याची मिशी फुकटात कोरून दिली. बायकोने खण धुऊन पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातलं.

चौथ्या वर्षी नव्या हसऱ्याला पहिला आंबा धरला. तो बघायचा म्हणून काकींनी आपलं मरण पुढे ढकललं होतं. नवी सून आली, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि ती अशी हसली की शेजारच्या गावातली माणसं काय झालं ते विचारायला आली. जाताना त्यांनी कलमवाल्याला आपल्याकडच्या झाडांसाठी आमंत्रण दिलं. त्याच्या चाकूत तोंड बघायला मग कोणीच आलं नाही. त्यालाही सवड नव्हती.

तात्पर्य काय, तर जे हत्यार धन्याचं तोंड दाखवण्यात गुंतलं, ते कामाला उरत नाही. आणि कामाने पडलेला डाग हा डाग नसतोच.

आता एक कबुली. ते माकड मी घातलं आहे. माकडबिकड आलं नव्हतं. दुसरी काडी कलमवाल्याच्याच पायाखाली चिरडली, मिशी बघायच्या नादात. पण इतक्या भल्या माणसाची सगळीच फजिती कशाला सांगा, म्हणून थोडी वाटून दिली. काकी त्या दिवशी "अरे माकडा" म्हणाल्या होत्या, एवढं मात्र खरं.