क्रौंचांसोबत धाडलेला निरोप

पाखरं दुकानं चालवत होती त्या काळातली गोष्ट. नदीकाठच्या उंबरावर गोदाबाई नावाची शिंपीण चिमणी पानं शिवून घरटी करून देई. एका फाल्गुनात तिचा कारागीर, रंगू धोबी पक्षी, न सांगता उत्तरेच्या बर्फाळ मुलखात उडून गेला आणि जाताना दुकानाची बाभळीच्या काट्याची सुई घेऊन गेला. तसली बारीक सुई दुसरी नव्हती. उरलेल्या जाड काट्याने पानं फाटू लागली.

कावळा म्हणाला, “मागे ससाणा सोडा, बाई.”

“ससाणा रंगूला खाईल आणि सुई बर्फात पडेल. मला काय मिळेल?”

मोठमोठ्याने ओरडत उत्तरेला निघालेल्या क्रौंचांकडे तिने निरोप दिला, “रंगूला सांगा, दुकानाची सुई जपून वापर. तिला करंजाचं तेल लावत जा. दिवाळीला येताना घेऊन ये, तुझी जागा धरून ठेवली आहे.”

कावळ्याने कपाळावर पंख मारून घेतला.

दिवाळीला रंगू हजर झाला. तेलाने चकाकणारी सुई त्याने खुंटीला अडकवली. “तिकडे मी सगळ्यांना सांगितलं होतं, ही माझ्या आजोबांची सुई,” तो मान खाली घालून म्हणाला.

“बरं, आता दोरा ओव. सतरा घरटी खोळंबली आहेत.”

कावळा चक्रावला. “इतक्या गोड निरोपाने चोर परत आला कसा?”

गोदाबाई पान दुमडत हसली. “निरोप गोडच होता रे. पण क्रौंचांना कानात बोलता येतं का कधी?”