चाळीस दोर

खुरासानातलं एक गाव मंगोलांनी तीन दिवसांत उजाड केलं आणि मुडदे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या भुयारी पाटावरच्या चाळीस विहिरींत ढकलून दिले. चौथ्या दिवशी पाट तुंबला. छावणीतले घोडे पाण्यावाचून तडफडू लागले, तेव्हा सरदार बुरगुतने म्हाताऱ्या फर्रुखला धरून आणलं. फर्रुख पिढीजात पाट खोदणारा. अंगावर कफनाच्या कापडाचे पांढरे कपडे, कारण भुयारात माती कधी ढासळेल याचा नेम नसे.

"उद्यापर्यंत पाणी आण, नाहीतर डोकं उडवीन," सरदार म्हणाला.

"डोकं केव्हाही उडवा. पण पाणी हवं तर प्रत्येक विहिरीवर दोर धरायला एक माणूस लागेल."

"माझे शिपाई धरतील."

"आमची तशी रीत नाही. खालचा मेला तर ज्याच्या घरची चूल विझेल, त्याच्याच हाती आम्ही दोर देतो. परक्याच्या दोरावर मी उतरणार नाही."

"मग बोलव तुझे नातलग."

फर्रुखने बांधून ठेवलेल्या कैद्यांकडे बोट केलं. संध्याकाळी त्यांची कत्तल व्हायची होती. "ते चाळीस."

बुरगुत हसला. "कुंभार, न्हावी, यहुदी, विणकर बाया. हे सगळे तुझे नातलग?"

"तुम्ही येईपर्यंत नव्हते, सरदार. पण ज्यांची माणसं एकाच विहिरीत सडतायत, ते परके कसे?"

सरदाराने घोड्यांकडे पाहिलं आणि कैदी सोडायला सांगितले. त्यांना बांधलेले दोरच विहिरींवर लागले.

पहिल्या विहिरीतून फर्रुखने जो पहिला मुडदा वर पाठवला, तो त्याच्या स्वतःच्या मुलाचा होता. दोर ओढणारा न्हावी हमसून हमसून रडला.