शेखांची शपथ आणि न प्यायलेला कहवा

"बनू रिम्ह टोळीच्या एकाही माणसाला या विहिरीचा थेंब मिळणार नाही. अल्लाची शपथ!"

शेख मुतलक असं गरजले आणि बनू रिम्हच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढची विहीर दोन दिवसांच्या वाटेवर होती.

शेख मुतलक म्हणजे साधी असामी नव्हे. टोळीचे सरदार तेच, धर्मासाठी तलवार उचललेल्या सातशे स्वारांचे सेनापती तेच, आणि शुक्रवारी उपदेश करणारेही तेच. हुकूम काढायचा त्यांना भारी सोस. आधी त्यांनी शीळ वाजवणं बंद केलं, मग उंटांच्या गळ्यातल्या घंटा. बनू रिम्हनं फौजेत यायला नकार दिला, तेव्हा विहीरच बंद केली. मनानं माणूस वाईट नव्हता, पण बोललेला शब्द गिळणं त्यांच्या बापजन्मी जमलं नव्हतं.

बनू रिम्हच्या एका शेळीवाल्याची मुलगी हेस्सा थेट विहिरीवर जाऊन उभी राहिली.

"शेखसाहेब, साठ शेळ्या तडफडताहेत. परवाचा दिवस काही त्या बघणार नाहीत."

"मी पाणी देणार नाही," शेख म्हणाले. मग त्यांना गंमत सुचली. "हां, एक होऊ शकतं. मीच चारचौघांत या विहिरीचं पाणी पी म्हणून तुला तीनदा विनवलं, तर विहीर तुम्हालाही खुली. मुदत उद्या सूर्यास्तापर्यंत."

स्वार पोट धरून हसले. शेख मुतलक आणि विनवणी! उंटाला पंख फुटतील एक वेळ.

"शब्द?" हेस्सानं विचारलं.

"मुतलकचा शब्द."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नमाज झाली, शेखांचा तंबू भरला. आसपासच्या तीन टोळ्यांचे शेखही आले होते. तेवढ्यात हेस्सा आत येऊन सतरंजीवर बसली. तिला अडवणार कोण? वाळवंटात पाहुण्याला तंबू बंद नसतो, मग तो वैऱ्याकडचा का असेना. शेखांच्या म्हाताऱ्या नोकरानं, दुहैमनं, चोचीच्या किटलीतून कहवा ओतून तिच्या हाती दिला. हेस्सानं पेला न पिता खाली ठेवला.

सगळ्यांच्या नजरा पेल्याकडे वळल्या. पाहुण्यानं पेला खाली ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय तो पिणार नाही, असा तिथला रिवाज. शेख मिशीत हसले.

"हा डाव मला ठाऊक आहे, मुली. विहीर मागायला आलीस ना?"

"छे, माझं काहीच मागणं नाही."

"मग पी की."

"नको."

तिन्ही शेखांनी एकमेकांकडे पाहिलं. मुतलकच्या तंबूतून पाहुणी कोरड्या तोंडानं गेली, ही बातमी उंटाच्या आधी गावोगाव पोचली असती! शेख अस्वस्थ झाले.

"अगं, थंड होतोय. पी गं बाई."

"नको, शेखसाहेब."

शेख उठले. स्वतः किटली घेऊन त्यांनी ताजा कहवा ओतला आणि दाढीला हात लावून म्हणाले, "या दाढीची लाज राख. घोटभर तरी घे."

"एवढं म्हणता, तर सांगा. यात काय काय आहे?"

"कॉफीच्या बिया. वेलदोडे. केशर."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि पाणी, शेखसाहेब," दुहैम भाबडेपणानं म्हणाला. "नुसता भुगा कोण पिणार?"

"कुठल्या विहिरीचं, चाचा?"

दुहैमनं तोंड उघडलं, मालकाकडे पाहिलं आणि मिटलं. एका पाहुण्या शेखाला ठसका लागला.

"या विहिरीचा थेंब आम्हाला द्यायचा नाही, ही आपलीच शपथ," हेस्सा म्हणाली. "ती मोडू नये म्हणून मी पेला ठेवला होता. आपण मात्र तीनदा विनवलंत, तीन शेखांच्या देखत."

शेखांनी दाढी पिळली. "हरलो. विहीर तुम्हालाही खुली. पण माझ्या शपथेचं काय? ती मोडून सातशे स्वारांना उपदेश कुठल्या तोंडानं करू?" त्यांचा चेहरा खरंच उतरला होता.

"शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालावं, असं आपणच उपदेशात सांगता."

"सांगतो. पण या ओसाड मुलखात दहा गरीब आणू कुठून?"

"आमच्या घरात नऊ जण आहेत."

"आणि दहावा?"

"हे दुहैमचाचा. पाण्याचं नाव काढल्यावर यांची नोकरी उद्या थोडीच राहणार आहे?"

शेख एवढे हसले, एवढे हसले की पागोटं घरंगळून कहव्याच्या किटलीवर पडलं. हेस्सानं पेला उचलून एका घोटात रिकामा केला. त्या संध्याकाळी साठ शेळ्या पोटभर प्यायल्या, दहा ताटं वाढली गेली आणि हेस्साला एक दुभती सांडणी बक्षीस मिळाली. दुहैमची नोकरी टिकली, तरी दहावं ताट काही त्यानं सोडलं नाही.