कडेच्या दगडांचं काय झालं?

सकाळी अकरा वाजता बागेतली नवी पायवाट खचली. दगड, ब्लॉक आणि अवजारं बोलत असत, त्या काळातली ही घटना.

आदल्या आठवड्यात पायवाटेच्या ब्लॉकांनी मुकादमाकडे, म्हणजे जमीन ठोकणाऱ्या धुमुसाकडे, तक्रार केली होती. "साहेब, हे कडेचे दगड आम्हाला दाबतात. स्वतः अर्धे मातीत लोळतात, एक पाय अंगावर घेत नाहीत. कशाला हवेत?"

"अरे बाळांनो, आम्ही दाबतो म्हणून तुम्ही जागेवर आहात," कडेचा एक म्हातारा दगड म्हणाला.

"आले मोठे शहाणे!" ब्लॉक खिदळले. धुमुसाने लगेच सगळे दगड उपटायला लावले.

मग माळ्याने झाडांना पाणी सोडलं. ब्लॉकांखालची वाळू वाहून गेली, कडेचे ब्लॉक हिरवळीत घसरले आणि मधले त्यांच्या मागोमाग तोंडावर आपटले.

धुमुसाने स्वतःच चौकशी केली आणि निकाल दिला की वाट गोगलगाईच्या वजनाने खचली.

"साहेब, मी अजून वाटेपर्यंत पोचलेच नाहीये!" गवतातून गोगलगाय ओरडली.

उपटलेले दगड आज उद्घाटनाच्या फलकाखाली, चौथऱ्यात बसवलेले आहेत. फलक ताठ उभा आहे आणि त्यावर धुमुसाचं नाव आहे. दगड तिथे कोणी नेले, हे धुमुसाने अजून सांगितलेलं नाही.