तीन पेठांचा पालाश

पालाश म्हणजे पिकाला दिला जाणारा एक क्षार. बोलताना लोक त्याला पोटॅश म्हणतात. नत्राने पाने वाढतात. फळात गर भरतो तो पालाशाने. म्हणून केळीचा घड बाहेर पडला, की बागायतदाराला त्यावाचून चालत नाही आणि थांबताही येत नाही.

घाटमाथ्यावर बोरपेठ, हिवरपेठ आणि नांदूरपेठ अशा तीन पेठा होत्या. बोरपेठेत शिवलिंगअप्पा नावाचे पालाशाचे व्यापारी राहत. माल चोख आणि माप पुरे, असा त्यांचा तीन पिढ्यांचा लौकिक. तिन्ही पेठांना माल एकाच बंदरातून येई. भाव मात्र बंदराला विचारून ठरत नसे. बाजाराच्या दिवशी प्रत्येक व्यापारी शेजारच्या पेठेचा भाव मागवी आणि आपल्या फळ्यावर त्याहून एक आणा अधिक लिही. दमट हवेत पालाशाची ढेकळे होतात. तेव्हा ज्याचा भाव कमी त्याचा माल भिजलेला, असा तिकडे पक्का समज होता.

भाव चढत राहिला. कोणी अर्ध्या मापावर भागवले, कोणी रिकाम्या हाताने परतले. एके दिवशी सुभद्राक्का दुकानाच्या पायरीवरच बसली. तिची केळीची बाग होती.

"अप्पा, घड बाहेर पडलेत. पंधरा दिवसांत पोटॅश नाही पडलं, तर केळी करंगळीएवढी राहतील. हा भाव वाढवला तरी कुणी?"

"हिवरपेठेने," अप्पा ठामपणे म्हणाले.

"मग तिलाच विचारा की! का तिथवर जायला गाडीचं चाक मोडलंय?"

टोमणा अप्पांच्या जिव्हारी लागला. त्यांनी छकडा जोडला आणि हिवरपेठ गाठली. तिथले व्यापारी दाजीशेट म्हणाले, "आम्ही कसले वाढवतो? आम्ही नांदूरपेठेच्या मागून चालतो."

अप्पा नांदूरपेठेला गेले. तिथला व्यापारी खळखळून हसला. "थट्टा करता का, अप्पा? तुमच्या फळ्यावर चढला, म्हणून आम्ही चढवला!"

परतताना बंदराहून माल आणणारा गाडीवान इस्माईल वाटेत भेटला. अप्पांनी त्याला बंदरातला भाव विचारला.

"होळीपासून तोच आहे, अप्पा. घाट चढला, की त्याला पंख फुटतात."

वाटेत हिवरपेठेत थांबून अप्पांनी हे दाजीशेटांच्या कानावर घातले. दाजीशेटांनी आवाज उतरवला. "तोंड मिटून बसा. तुम्ही एकट्याने भाव उतरवलात, तर गाव म्हणेल माल भिजला. तीन पिढ्यांचे नाव एका बाजारात जाईल."

भीती खोटी नव्हती. अप्पांना ती ठाऊक होती. पण पंधरा दिवसही मोजकेच होते. बैल आपल्या चालीने बोरपेठेला पोहोचेपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता.

बाजाराच्या दिवशी त्यांनी फळा पुसला. वर बंदराचा भाव लिहिला, त्याखाली गाडीभाडे, त्याखाली आपला नफा, आणि शेवटी बेरीज. गर्दी कुजबुजली, "भिजला वाटतं!"

अप्पांनी एक गोणी उंबऱ्यावर आणून फाडली. तांबूस खडे सळसळत पायरीवर सांडले. सुभद्राक्काने मूठ भरली, उघडली, तळवा झटकला. काही चिकटले नाही.

"कोरडा आहे," ती मोठ्याने म्हणाली. "मग इतके दिवस महाग का होता, अप्पा?"

"मी शेजाऱ्याकडे पाहत होतो आणि शेजारी माझ्याकडे. बंदराकडे कोणीच पाहिले नाही. चूक माझी."

"पंधरा दिवस संपायच्या आत कबूल केलीत, हे बरं झालं. चार गोण्या काढा माझ्या."

त्या सायंकाळी अप्पांचे कोठार रिकामे झाले. पुढच्या बाजारी उरलेल्या दोन्ही पेठांच्या फळ्यांवर पहिली ओळ बंदराच्या भावाची होती. त्या साली घडही भरले.

ही कथा सांगणारे बहुधा म्हणतात, की अप्पांनी दयेपोटी तोटा सोसला. ते चूक आहे. अप्पांनी आपला नफा पुरता घेतला, आणि तो फळ्यावर उघड लिहून घेतला. त्यांनी टाकली ती फक्त शेजाऱ्याच्या पाठोपाठ चढण्याची रीत.

तात्पर्य: शेजाऱ्याचे पाहून सांगितलेला भाव कितीही मुखांनी बोलला गेला, तरी खरा ठरत नाही; जो मुळाशी जाऊन विचारतो आणि आपली चूक चारचौघांत मान्य करतो, त्याचेच नाव टिकते.